भावोजींचे कान

माझ्या भावोजींनी अंगणात स्वतःचा विजेचा खांब पुरून घेतला, तेव्हा उएदा गावातल्या लोकांना वाटलं की तिथे एखादा कारखाना निघतोय. दवाखाना मुलाच्या हाती सोपवून घरी बसलेला दंतवैद्य कसला कारखाना काढणार? खांब हवा होता गाणी ऐकायला. रस्त्यावरच्या खांबावरून येणारी वीज म्हणे मळकी असते. शेजाऱ्यांचं कपडे धुण्याचं मशीन, कोपऱ्यावरचं नाणं टाकून थंड पेय देणारं यंत्र, या सगळ्यांचा मळ तारेतून घरात येतो आणि व्हायोलिनच्या सुराला चिकटतो. हे त्यांनी मला जेवता जेवता समजावून सांगितलं. मी तोंडातला भात गिळला आणि विचारलं, "मग भावोजी, तुमच्या खांबावर चढण्याआधी ती वीज आंघोळ कुठे करून येते?"

ते हसले नाहीत. मोरिहिको कुराता माझ्या एकाही विनोदाला आजवर हसलेले नाहीत.

हे वेड त्यांच्या घरात आलं ते त्यांच्या वडिलांच्या काळात. आपल्या देशात ऑलिंपिक भरलं त्याच्या आधीची गोष्ट. वडीलही दंतवैद्य. त्यांनी चार पायांचा लाकडी स्टीरिओ आणला, चांगला कपाटाएवढा. त्यावर विणलेला रुमाल, रुमालावर काचेच्या पेटीतली बाहुली. तबकडी लावायची म्हणजे आधी बाहुली उचला, मग रुमाल उचला, मग झाकण उचला. त्यामुळे पाहुणे आले तरच ते यंत्र बोलायचं. पार आमच्या गल्लीपर्यंत त्या स्टीरिओची वट होती. आमच्याकडे एक खरखरणारा रेडिओ होता, तो आम्ही दिवसभर ऐकायचो आणि त्याची वट काहीच नव्हती.

माझी ताई, मित्सुए, या घरात दिली गेली ती मध्यस्थामार्फत. पहिल्या भेटीत उपाहारगृहात बसून भावोजींनी तिला स्पीकरच्या कागदी पडद्याबद्दल सांगितलं. घरी येऊन ताई आईला म्हणाली, "गाण्यावर इतका जीव आहे त्यांचा. असा माणूस वाईट नसणार."

गाण्यावर! मी त्यांना एकही गाणं शेवटपर्यंत ऐकताना पाहिलेलं नाही. प्रत्येक तबकडीतली पाव मिनिटाची जागा त्यांना हवी असायची. इथे त्रिकोणी घंटी वाजते, तिथे वादक खुर्चीत सरकतो. तेवढं वाजवायचं, सुई उचलायची, एक तार बदलायची, पुन्हा तेवढंच वाजवायचं. गाणारी बाई रडते आहे की हसते आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

लग्न झालं त्याच सुमारास सगळ्या देशात त्या लाकडी कपाटांची लाट ओसरली आणि सुट्ट्या भागांची आली. तबकडी फिरवणारं यंत्र एका कंपनीचं, अ‍ॅम्प्लिफायर दुसरीचा, टेप तिसरीचा. पगारदार माणसंही बोनस मिळाला की दुकानात कान लावून उभी राहायची. भावोजींनी तर घरातली सगळ्यात चांगली, दक्षिणेकडची खोली घेतली. भिंतींत काँक्रीट भरलं, खिडकी बुजवली. त्या खोलीत घरच्या पितरांचा देव्हारा होता. खालचे सूर वाजले की त्यातली घंटा आपोआप किणकिणायची. म्हणून देव्हारा गेला घरातल्या बोळात. त्यांची आई हिवाळ्यात खांद्यावर शाल घेऊन, बोळातल्या फरशीवर गुडघे टेकून नवऱ्याच्या नावाने उदबत्ती लावायची आणि आत तिचा मुलगा तबकडीतली त्रिकोणी घंटी नीट किणकिणते का ते तपासायचा.

मग सीडी आली. पहिल्या दिवशी म्हणाले, "हे प्लॅस्टिक आहे, यात प्राण नाही." वर्ष उलटायच्या आत म्हणाले, "तबकडीचा जमाना गेला." सगळ्या तबकड्या खोक्यांत भरून वाटून टाकल्या. पुढे केव्हातरी त्याच, तेच ओरखडे असलेल्या, जुन्या बाजारातून शोधून परत आणल्या. बल्बसारखे दिवे असलेले अ‍ॅम्प्लिफायर टाकून दिले होते, तेही परत आले. आमच्या ताईने स्वयंपाकघरासाठी एक लाल रेडिओ-कॅसेट घेतला होता. त्याला ते 'जेवणाचा डबा' म्हणायचे. ताई दार लावून तो हळू आवाजात ऐकायची, कारण डब्याचा आवाज भिंतीपलीकडे जाऊन खोलीतली शांतता खराब करायचा.

तोवर गावातली यंत्रांची दुकानं एकेक करून बंद पडली. एक औषधाचं झालं, एक स्वस्त चष्म्यांचं. पोरं कानात बोंडं घालून फोनवर गाणी ऐकू लागली आणि सुखाने ऐकू लागली. सगळा देश खिशात मावेल एवढ्यावर उतरला आणि आमचे भावोजी खांबावर चढले.

खांब उभा राहिला त्या उन्हाळ्यात ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या सुमाराला मी ताईकडे गेले होते. माझं कोमोरोला केस कापायचं दुकान आहे, ते त्या आठवड्यात बंद असतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे मला विचारणारं कोणी नाही. पोचले तर कळलं की आज खांबाचा समारंभ आहे. भावोजींचे तीन मित्र येणार होते, त्यांचा म्होरक्या उदागावा, निवृत्त मुख्याध्यापक.

"अगं, फ्रीज बंद कर," भावोजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले.

"भावोजी, आता तर खांब आहे ना? वेगळी वीज ना?" मी म्हटलं.

"कंप जमिनीतून येतो."

"आत मासे आहेत. तोफू आहे."

"दोन तासांत काय होतंय?"

ताईने मुकाट्याने फ्रीज बंद केला. वातानुकूलनही बंद झालं, कारण तेही गुणगुणतं. बुजवलेल्या खिडकीच्या खोलीत चार म्हातारे गळ्यात पंचे अडकवून बसले. मी चहा ठेवायला गेले तेव्हा पाहिलं, चौघांचेही डोळे मिटलेले, घाम नाकावरून टपटपतोय. डोळे मिटून बसलेले पुरुष मी दुकानात रोज बघते, पण ते निदान केस कमी करून घरी जातात.

"शुद्ध!" उदागावा म्हणाले.

"पडदा उठल्यासारखं वाटतंय," दुसरे म्हणाले.

"मला तर तिसऱ्या रांगेतल्या बासरीवाल्याचा श्वास ऐकू आला," तिसरे म्हणाले. चौथ्याने, म्हणजे आमच्या भावोजींनी, नुसती मान डोलावली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. ते पाणी पाहून तर मला अधिकच किळस आली. त्यांची आई गेली तेव्हा ते डोळे कोरडे होते.

मी स्वयंपाकघरात परतले. ताई ओट्याशी काकडी चिरत उभी होती, दाराकडे उजवी बाजू करून. खोलीतली तबकडी थांबली आणि भावोजींची हाक आली.

"अगं, बार्लीचा चहा आण! थंड!"

ताई चिरत राहिली.

"अगं! चहा!"

मी उठणार होते, पण मला बघायचं होतं की हा माणूस स्वतः उठतो का. उठला. दारात येऊन ताईच्या पाठीशी उभा राहिला आणि खेकसला, "ऐकू येत नाही का तुला?"

ताई दचकली. सुरी खाली ठेवून सबंध वळली. "नाही," ती म्हणाली. "उजव्या कानाने नाही येत."

"म्हणजे?"

"म्हणजे तो कान गेला. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मलाही तिने सांगितलं नव्हतं. अलीकडे फोनवर ती सारखं 'काय? काय?' करायची, मी समजले फोन जुना झालाय. खोलीतले तिघे पंचे सावरत दाराशी येऊन उभे राहिले होते.

"मला बोलली नाहीस ते," भावोजी म्हणाले.

"बोलले होते. घूं घूं असा आवाज येतोय म्हटलं होतं."

भावोजींचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "आठवतंय मला! तो ट्रान्सफॉर्मर होता. मला नव्हता येत ऐकू, तुला आला. तेव्हाच मी म्हटलं, इतक्या वर्षांनी हिचा कान तयार झाला. सगळं यंत्र उकललं होतं मी."

"ट्रान्सफॉर्मर नव्हता तो," ताई म्हणाली. "मी होते."

ताईने हात एप्रनला पुसले.

"तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होतात, मलाही वाटलं यंत्रच असेल. तुम्ही खोलीत भाग पसरून बसला होतात आणि रोज मला बोलावून विचारत होतात, आता येतो का, आता येतो का. मी येतो म्हणायचे. मग एके दिवशी यायचा थांबला. तुम्ही किती खूश झालात! बाकीचंही काही येत नव्हतं, ते मला दुसऱ्या दिवशी फोन घेताना कळलं. डॉक्टर म्हणाल्या, लगेच आला असतात तर कान औषधाने वाचला असता."

आता एखादा माणूस काय म्हणेल? माफी मागेल, खाली बसेल, निदान गप्प राहील. माझे भावोजी जरा विचार करून म्हणाले, "वरचे सूर आधी गेले की खालचे?"

आणि उदागावा, तीस वर्षं मुलांना शिकवलेला माणूस, मान हलवत म्हणाले, "वहिनी, मग तुम्हाला जुन्या मोनो तबकड्या बऱ्या पडतील. त्यांना एक कान पुरतो."

त्यांना हे सांत्वन वाटत होतं. चेहऱ्यावर दिसत होतं ते.

ताईने एप्रन सोडलं, घडी करून ओट्यावर ठेवलं. "ताके," ती मला म्हणाली, "तुझ्याकडे जागा आहे का गं?"

मी तिच्या डाव्या बाजूला गेले आणि म्हटलं, "आहे."

फ्रीज बंदच राहिला. त्यातल्या माशांचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.

कोमोरोत ताई माझ्या दुकानात टॉवेल धुवायची, गिऱ्हाइकांशी बोलायची. बायका तिच्या डाव्या बाजूला बसायला एका दिवसात शिकल्या. द्राक्षांचा हंगाम आला तेव्हा भावोजी आले, हातात द्राक्षांची पेटी. माझ्या टेबलाशी ताठ बसले.

"मी खोलीतली तुझी खुर्ची हलवली आहे," ते म्हणाले. "एका कानासाठी स्पीकरचे कोन पुन्हा काढले. तुला चांगलं ऐकू येईल."

मी त्यांना हाकलणारच होते. ताईने माझ्या हातावर हात ठेवला.

"मला तिथे बसायचं नाही," ती म्हणाली. "कधीच बसायचं नव्हतं."

"मग?" भावोजी गोंधळले. "मग कुठे बसायचंय तुला?"

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदा आला, असं ताई नंतर मला म्हणाली. तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "गुरुवारी मला कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. बरोबर या."

मीही गेले. असा तमाशा मी सोडते होय! डॉक्टर तरुण बाई होती. ताईला तपासून झाल्यावर तिने सहज विचारलं, "आजोबा, आलाच आहात तर तुमचेही कान बघू?"

भावोजी काचेच्या खोलीत असे बसले, जणू परीक्षक तेच आहेत. आवाज आला की बटण दाबायचं. आम्ही बाहेरून बघत होतो. सुरुवातीला बटण दाबलं जात होतं. मग बराच वेळ हात तसाच राहिला.

"वरचे सूर जवळजवळ येतच नाहीत," डॉक्टरीण कागद दाखवत म्हणाली. "तुमच्या वयाला असं होतंच. बहुतेक बरीच वर्षं झाली असतील."

"हे हेडफोन कुठल्या कंपनीचे?" भावोजींनी विचारलं.

"माहीत नाही हो. दवाखान्याचे आहेत."

"तरीच."

ताई तोंडावर रुमाल दाबून बाहेर पळाली. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून ती इतकी हसली की नर्स पाणी घेऊन आली. मीही हसले, पण माझं हसणं चांगलं नव्हतं, मला त्या माणसाला पडलेलं बघायचं होतं.

भावोजी बाहेर आले आणि ताईच्या उजव्या बाजूला बसले. कागद गुडघ्यावर होता. ते हळूच म्हणाले, "मग इतकी वर्षं मी काय ऐकत होतो?"

ताई समोर बघत राहिली. तिला ऐकूच गेलं नव्हतं. मी सांगितलं नाही. भावोजी थांबले, उठले, तिला वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसले आणि तेच पुन्हा विचारलं.

"मला काय माहीत?" ताई म्हणाली. पण आवाज मऊ होता, आणि मला तिचा राग आला.

थंडी पडायच्या आधी ती घरी परत गेली. मी जाऊ नकोस म्हटलं होतं. ती म्हणाली, "ताके, तुला त्यांचा जितका तिरस्कार करता येतो, तितका करायची ताकद माझ्यात नाही." खोली अजून आहे. उदागावा अजून येतात आणि 'शुद्ध' म्हणतात, त्यांना कोणी डॉक्टरांकडे नेलेलं नाही. भावोजींनीही तो कागद कुणाला दाखवलेला नाही. माझं मत बदललेलं नाही.

फक्त आता संध्याकाळी ते स्वयंपाकघरात येतात आणि ताईच्या डावीकडच्या स्टुलावर बसतात. काय बोलावं ते त्यांना सुचत नाही, कारण यंत्रांबद्दल बोलायला तिने मनाई केली आहे. म्हणून ते दातांबद्दल बोलतात. कुणाची दाढ किती वाकडी होती, एका शेतकऱ्याने कवळी घालून पाहिल्यावर काय म्हटलं. ताई सोयाबीन निवडत ऐकते.

"दातांबद्दल फार छान बोलतात गं," ती मला फोनवर म्हणाली. "मला माहीतच नव्हतं."