डोलकाठीखालच्या किल्ल्या

"क्रेनवाला दुपारनंतर थांबणार नाही, नोनी. मॅटी कुठं उलथलाय?" मुकादम रेडमंडनं माझ्या कॅन्टीनच्या खिडकीतून डोकं आत घातलं.

"पोराला सोडायला पुलापर्यंत गेलाय. चहा पी आणि गप बस."

रेडमंडनं चहाचा कप उचलला. परदेशी निघालेल्या माणसाला नदीवरच्या जुन्या पुलापर्यंतच सोडायचं, पूल ओलांडायचा नाही आणि परतताना मागं वळून बघायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दुष्काळात बटाटे कुजले तेव्हापासूनची. तेव्हाचे उपाशी लोक आमच्याच धक्क्यावरून 'हॅना रोश' जहाजात बसून अमेरिकेला गेले, आणि त्याच जहाजाची हुबेहूब प्रत आम्ही आता बांधत होतो. बघायला पर्यटक येतील म्हणे. येवोत बापडे.

मॅटी व्हेलन जहाजाचा मुख्य सुतार आणि माझा शेजारी. बायको गेल्यावर त्यानं पोराला, फिंटनला, एकट्यानं वाढवलं आणि याच जहाजावर हाताखाली घेतलं. दोघं मिळून डोलकाठी तासायचे. तासभर बोलायचे नाहीत, मग एकदम फुटबॉलवरून भांडायचे. पण जहाज पुरं होत आलं तसं काम आटलं. गावात दुसरं काम नाही. फिंटननं ऑस्ट्रेलियाचं तिकीट काढलं.

मला राहवेना. मागच्या आठवड्यात मॅटीला सूप वाढताना मी म्हटलं, "अरे, एकदा थांब म्हण की त्याला. जीभ झिजते का तुझी?"

"थांबेल तो," मॅटी म्हणाला.

"मग?"

"मी म्हटलं तर थांबेल, म्हणूनच म्हणत नाही. इथं थांबून काय करेल? माझं तोंड बघत बसेल?"

मी ब्रेडचा आणखी एक तुकडा त्याच्या ताटलीत टाकला. त्यानं तो खाल्ला नाही.

मॅटी आला तेव्हा भरती चढली होती. डोळे लाल होते. रेडमंडनं शिव्या तोंडात धरून ठेवल्या असाव्यात, पण म्हणाला एवढंच, "गेला नीट?"

"पुलापलीकडं बस उभी होती. चढला."

"बसमधून हात केला?"

"मला काय ठाऊक? मी वळलो नाही."

जहाजाच्या तळात डोलकाठीचं बूड बसवण्याची खाच असते. ज्यानं काठी तासली त्यानं त्या खाचेत नाणं ठेवायचं, हाही रिवाजच. आम्ही सगळे वरून वाकून बघत होतो. मॅटीनं नाणं ठेवलं. मग खिशातून दोन किल्ल्या काढून नाण्याशेजारी ठेवल्या.

"हे काय नवीन?" रेडमंडनं विचारलं.

"घराच्या आहेत. एक पोरानं सकाळी टेबलावर ठेवली होती. दुसरी माझी."

"अरे, मग कुलूप कशानं लावशील?"

"कशाला लावू? मी घरात नसताना आला तर दारात उभा राहील का तो? सोडा आता काठी."

क्रेन करकरली आणि काठी खाचेत बसली. आता जहाज मोडल्याशिवाय त्या किल्ल्या निघायच्या नाहीत. रेडमंडनं टोपी काढली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

तेव्हापासून मॅटीचं दार उघडं असतं. पहिल्या हिवाळ्यात ते वाऱ्यानं इतकं आपटायचं की माझा डोळा लागेना. "मॅटी, तुझ्या दारानं माझं डोकं फिरवलंय," मी सुनावलं. "कडी तरी घाल."

कडी त्यानं घातली नाही. डोलकाठीच्या उरलेल्या लाकडाची एक पाचर तासली आणि दाराखाली सरकवली. वाऱ्याला दाद देत नाही, पण बाहेरून माणसानं खांदा लावला तर सरकते, अशी. किती तासायची ते ठरवायला त्यानं मलाच बाहेर उभं केलं होतं.

"जोरात नको, नोनी," तो आतून म्हणाला. "प्रवासातून थकून आलेलं माणूस ढकलेल तसं ढकल."

मी तसं ढकललं. दार उघडलं.