पंधरवड्यातली गाडी

खराडीतल्या त्या ऑफिसात भांडण झालं ते एका खड्ड्यावरून, आणि तो खड्डा रस्त्यावरचा नव्हता. पद्मजाने काढलेल्या रेघेतला होता.

पद्मजा गाड्यांचं भविष्य मांडायची. पत्रिका बघून नव्हे, गणिताने. विजेवरच्या गाड्या शहरात कशा पसरतील, याचं मॉडेल तिने बांधलं होतं. किंमत किती उतरली, चार्जिंगची सोय कुठे झाली, आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्याने घेतली का. परदेशी पुस्तकांतला माणूस शेजाऱ्याची गाडी बघून भारावतो आणि धावत जाऊन स्वतः घेतो. पुण्यातला माणूस शेजाऱ्याची गाडी बंद कधी पडते याची आधी वर्षभर वाट बघतो. पद्मजाने ते वर्षही हिशेबात धरलं होतं. त्यामुळे तिची रेघ जरा आळशी होती, पण चढत होती. फक्त दर भाद्रपदात ती धपकन खाली यायची, शून्याला टेकायची आणि घटस्थापनेला उसळी मारायची. पितृपंधरवड्यात नवी गाडी कोणी घरी आणत नाही, एवढी साधी गोष्ट होती ती.

आता गंमत अशी, की ज्या परदेशी कंपनीसाठी हा उद्योग चालला होता, तिने आपली नवी गाडी पुण्यात आणायला पुढच्या वर्षीचा नेमका तोच पंधरवडा धरला होता.

"हा खड्डा स्मूद करून टाक," गंधार म्हणाला. गंधार तिचा वरिष्ठ, वयाने तिच्याहून लहान, आणि क्लायंट नाराज होईल या विचारानेच घाम फुटणारा. "अगं, त्यांना वाटेल सॉफ्टवेअरमध्ये बग आहे. या गाड्या घेणारे सगळे शिकलेले, आयटीवाले. आता कोण मानतं हे?"

"तू तुझी गाडी कधी आणलीस?"

"दसऱ्याला. पण ते आईसाठी गं. ती ऐकत नाही."

"सगळ्यांना आया असतात," पद्मजा म्हणाली. "शून्य राहील. ते काढायचं असेल तर रिपोर्टवरचं माझं नाव आधी काढ."

बोलून गेली आणि तिला आतून कळ आली. तिची आई, सरोजिनी, जाऊन दोन वर्षं झाली होती. आणि तिला गाडी लागायची. पेट्रोलचा वास नाकात गेला की संपलंच. कात्रजचा घाट येईपर्यंत लिंबू हुंगून हुंगून त्याची साल काळी पडायची. कुठे लग्नाला जायचं म्हटलं की ती आदल्या दिवसापासून उपाशी राहायची. वासाची नसलेली गाडी निघू दे, मग मी तुझ्याबरोबर हिंडेन, असं ती म्हणायची. तशी गाडी निघाली तेव्हा आई नव्हती. पद्मजाने तरीही आपल्यासाठी एक विजेवरची गाडी नोंदवून ठेवली होती.

त्याच आठवड्यात येरवड्याच्या शोरूममधून फोन आला. गाडी तयार होती. "पण मॅडम, सध्या पंधरवडा आहे. घटस्थापनेला देऊ ना? आत्ता कोणीच नेत नाहीये."

पद्मजाने कॅलेंडर पाहिलं. अविधवा नवमी चार दिवसांवर होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची ती तिथी, म्हणजे आईची.

"नवमीला नेते," ती म्हणाली.

पलीकडच्या मुलाने, मॅडम, घरी विचारलंय ना, असं चाचरत विचारलं. पद्मजाने फोन ठेवला.

गंधारने शेजारच्या टेबलावरून हे ऐकलं होतं. त्याने ते जपून ठेवलं आणि क्लायंटबरोबरच्या मीटिंगमध्ये बाहेर काढलं. स्क्रीनवर परदेशातले तीन साहेब बसलेले. त्यांच्यासमोर तो हसत हसत म्हणाला, की जिने हे शून्य मांडलंय ती स्वतःच त्या पंधरवड्यात गाडी नेतेय. म्हणजे शून्य चूक आहे, नाही का?

पद्मजाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आवाज तिने चढवला नाही.

"मी नेतेय," ती म्हणाली. "आमच्या अख्ख्या सोसायटीत मी एकटी. शोरूमवाल्यालासुद्धा माझी काळजी वाटली. माझ्या एकटीच्या जोरावर मांडव घालायचा असेल तर खुशाल घाला. लोक काय करतात ते मी मांडलंय. मी काय करावं हे मला ती रेघ सांगणार नाही, आणि तुम्हीही नाही."

साहेब आपापसांत काही बोलले आणि गाडी घटस्थापनेला आणायचं ठरवून मोकळे झाले. गंधारने दिवसभर तिच्याकडे पाहिलं नाही. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. खरी लढाई घरी होती.

घरी बाबा होते. यज्ञेश्वर, बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला काटकसरी. देवाधर्माचं फार अवडंबर नसलेले, पण वर्षानुवर्षं चालत आलेलं मोडायचं नाही या मताचे. तिने सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर खाली केला नाही.

"पंधरवडा संपू दे. गाडी पळून जात नाही."

"नवमीलाच आणायची आहे, बाबा."

"अशुभ दिवसांत नवी वस्तू घरात येत नाही. तुझ्या ऑफिसातही तू हेच सांगतेस ना लोकांना?"

"ते लोकांचं झालं. तुम्ही मला सांगा, नवमीला आपल्याकडे कोण येतं?"

बाबांनी पेपरचं पान उलटलं.

"आई येते ना? तिच्यासाठी पान वाढतो. तिला आवडते म्हणून गवारीची भाजी करतो, हळदीकुंकू देऊन सवाष्ण जेवू घालतो. आणि त्याच दिवसाला अशुभ म्हणायचं? माझी आई अशुभ आहे का, बाबा?"

रडायचं नाही असं ठरवूनही ती रडली, आणि रडण्याचा तिला भयंकर राग आला. बाबा उठून आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. पुढचे दिवस दोघं फक्त चहा आणि दूध याविषयी बोलले.

नवमीला सगळं रीतीप्रमाणे झालं. शेजारच्या यमुनाबाई सवाष्ण म्हणून जेवल्या, ओटी घेऊन गेल्या. पद्मजा एकटी येरवड्याला गेली. शोरूममध्ये ना हार होता ना नारळ, ती खरंच येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. तिने किल्ली घेतली, काच खाली केली आणि निघाली. गाडीला कसलाच वास नव्हता. येरवड्याच्या पुलावर तिला हुंदका आला, तो तिने दाबला नाही.

सोसायटीच्या फाटकाशी यमुनाबाईंचे यजमान आप्पासाहेब उभे होते. सोसायटीचे सेक्रेटरी ते, त्यामुळे फाटकातून आत येणारी प्रत्येक गोष्ट आपल्याला विचारून यावी असं त्यांना वाटायचं. आणि त्यांच्यापासून चार पावलांवर, इस्त्रीचा सदरा घालून, बाबा.

पद्मजाने गाडी थांबवली. आता चारचौघांत भांडण होणार, असं तिला वाटलं, आणि तिने मान ताठ केली.

"अहो यज्ञेश्वरराव," आप्पासाहेब म्हणाले, "ऐन पंधरवड्यात नवी गाडी? आपल्यासारख्यांच्या घरात? मुलीला जरा समजवायचंत."

बाबांनी गाडीला एक फेरी मारली. मागचं दार उघडलं, आतली सीट हाताने पुसली आणि दार उघडंच धरून उभे राहिले, कोणीतरी बसायचं आहे तसे. मग दार हळूच लावून घेतलं. स्वतः पुढे, पद्मजाच्या शेजारी येऊन बसले.

"आप्पासाहेब," ते काचेतून म्हणाले, "आमची सरोजिनी वर्षातून एकदा येते, ती आज. तिला काय दसऱ्याला फिरवू?"

आणि पद्मजाकडे वळून म्हणाले, "चल. कात्रजला घे."