सराव थांबला तेव्हा

ललिताने पलंगाखाली पाहिलं, कपाटामागं पाहिलं, पाण्याच्या पिंपाचं झाकण उघडून आत हातही घालून पाहिला. शुभंकर नव्हता. कुकरची शिट्टी झाली, ती गॅस बंद करायला वळली, तेवढ्यात तिचं सहा वर्षांचं पोर दार सताड उघडं टाकून पळालं होतं. चपला तिथंच.

शिट्टीला तो असाच सुटायचा, पण जिन्याखाली सापडायचा. आज जिन्याखाली नुसती मांजर होती.

वर्ध्याहून धायरीत आल्यापासून जास्तच झालं होतं. शाळेत घंटा वाजली की बाकाखाली, कुणी खांद्याला हात लावला की ओरबाडणार. बाईंनी त्याला हट्टी ठरवून टाकलं. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, हा हट्ट नाही, आवाज, स्पर्श सगळं याच्या अंगावर धावून येतं. आणखीही बरंच बोलल्या. ललिताने एवढंच धरलं: पोराला आवाजापासून लांब ठेवायचं.

म्हणून ती शांत जागा शोधत सुटली. देवळामागचा पार, बंद गॅरेज, अर्धवट इमारतीचं पार्किंग. शेवटी एकच जागा उरली, आणि तिकडे पाय उचलेना. कालवा.

कालव्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये ढोलपथकाचा सराव चालला होता. गणपती महिन्यावर आलेले. तिची हाक तिलाच ऐकू येईना. शेजारच्या इंदुबाई धापा टाकत मागून आल्या.

"अगं, या दणदणाटात पोराला काय ऐकू जाणार हाय? बंद करायला लाव आधी."

पथकाचा दत्तप्रसाद तिला बघून म्हणाला, "ताई, अजून वर्गणी मागायला आलो नाही, तोवरच तक्रार?" मग त्याचं लक्ष तिच्या अनवाणी पायांकडे गेलं. त्याने हात वर केला.

ढोल थांबले. आणि तिला पाण्याचा आवाज आला.

तिने हाक मारली. पुन्हा मारली. नावाने बोलावल्यावर तो कधीच ओ देत नसे, हे माहीत असूनही मारत राहिली. पथकातला एक पोरगा पाण्याच्या कडेला जाऊन शर्ट काढायला लागला. ते बघून तिने खांब धरला.

धप्प.

शेडच्या मागून. धप्प, धप्प. जास्तीचे ढोल ताडपत्रीखाली रचून ठेवले होते. पोरांनी ताडपत्री उचलली. शुभंकर एका ढोलाला मिठी मारून त्याच्या ताणलेल्या पानावर कपाळ आपटत होता. कानावर हात नव्हते. तोंड रडून लाल.

"अगं बाई, डोकं फोडून घेतंय," म्हणत इंदुबाई धावल्या. तो किंचाळला.

ललिताचाही हात पुढे गेला, आणि हवेतच थांबला.

"वाजवा जी," ती म्हणाली.

"अहो, आधीच घाबरलाय तो," दत्तप्रसाद म्हणाला.

"मघा वाजवत होते, तसंच वाजवा. थांबलं म्हणून आपटून राहिला तो."

दत्तप्रसादने एकदा इंदुबाईंकडे, एकदा पोराकडे पाहिलं. मग ढोल सुरू झाले. आपटणं मंदावलं. शुभंकरने पानाला गाल टेकवला, मुठी सैल सुटल्या.

ललिता त्याला न शिवता पलीकडे बसली. ठोका छातीत घुसत होता, दात आपोआप आवळले जात होते. उठून पळत सुटावं असं वाटत होतं.

ती बसून राहिली.