मोजणीतून सुटलेले बाबा

या, जवळ सरका. मागच्यांनो, तुम्हीही पुढं या; या गोष्टीत एक ऐरण आहे, ती लांबून दिसायची नाही. देवानं पाठ दिली ओझं उचलायला आणि तोंड दिलं ते नाकारायला. त्या दोन्हींची ही कथा. ऐकून झाल्यावर तुमच्याकडे एकच मागणं मागणार आहे, ते शेवटी सांगतो.

दोन भाऊ होते, मध्ये एक बहीण. धंदा जमिनीला भोक पाडून पाणी काढायचा. भोक पाडायचं यंत्र ट्रेलरवर बसवलेलं, ट्रेलरसकट साडेतीन टन. ते ओढणाऱ्या पिकअपनं मागच्या आठवड्यात मान टाकली. बारा वर्षं ती पिकअप ताईनं चालवली होती. ट्रेलर मागे घ्यायचा तर हातातलं चाक डावीकडं फिरवावं तेव्हा ट्रेलर उजवीकडं जातो, हा उलटा न्याय घरात तिच्याशिवाय कुणाच्या हाताला कळला नव्हता. थोरला चालवण्याच्या परीक्षेला तीनदा बसला आणि तीनदा तोच खांब पाडून आला. चौथ्यांदा त्यांनी खांबच हलवला म्हणतात.

विक्रेत्यानं दोन पिकअप एका दिवसासाठी वापरून बघायला दिल्या. एक काळी: काचेचं छत, बसल्यावर पाठ गार करणाऱ्या खुर्च्या, बुटासाठी स्वतःहून खाली येणारी पायरी. दुसरी पांढरी: काच हातानं फिरवायची, खुर्ची शाळेतल्या बाकासारखी. माहितीपत्रकात काळीच्या नावापुढं "ओढते पाच टन", पांढरीच्या नावापुढं चार.

"पाच हे चारापेक्षा जास्त असतात, ताई," धाकटा म्हणाला. "तुला शाळेत शिकवलं असेलच."

"ओढते पाच. उचलते किती?"

"आपल्याला ओढायचंय. उचलायचंय कशाला?"

थोरल्यानं घसा साफ केला. तो घसा साफ करायला लागला की घरातली मांजरंसुद्धा बाहेर जात. "हे बघ, काळी घेतली तर ती धाकटा चालवेल. नवी गाडी, नवा हात. तू बारा वर्षं पुष्कळ केलंस. आता घरी बसून फोन घे."

 फोन ताईलाही घेता येत होता, पण चाकाशिवाय तिला दुसरं काही नकोच होतं.

सकाळी चढावर परीक्षा झाली. काळीनं यंत्र शीळ घालत वर नेलं. पांढरी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत पोचली. धाकट्यानं वर पोचून असा नाच केला, की विक्रेत्याला गाडीऐवजी त्याचीच काळजी वाटली. पण ताईचं लक्ष काळीच्या पुढच्या दिव्यांकडं होतं. ट्रेलर जोडल्यावर गाडीचं शेपूट खाली बसलं होतं आणि दिवे भरदिवसा ढगांकडं बघत होते.

ठरलं, काळी! दुपारचं काम खाणीत होतं. तिघं बसले आणि मागच्या खुर्चीवर, पट्टा बांधून, बाबा.

बाबा म्हणजे ऐरण. यांचे वडील लोहार, यंत्राच्या दातांना धार लावणारे. जाताना सांगून गेले, "मला फोटो करून भिंतीवर टांगू नका. ऐरण गाडीत ठेवा, मी येतो कामाला." तेव्हापासून ती प्रत्येक कामाला जाई. गाडीत हत्यारं किती, डिझेल किती, डबे किती, सगळं मोजत. ऐरण कुणी मोजली नाही. वडिलांना ओझं कोण म्हणणार?

खाणीतली वाट उताराची, म्हणून फाटकावरचा काटेवाला प्रत्येक गाडी वजनकाट्यावर घेई. त्यानं काळीचं दार उघडून चौकटीवर चिकटवलेला कागद वाचला. "गाडीनं पाठीवर घ्यायचं, सातशे किलो. माणसं धरून. ट्रेलर हुकावर जो भार टाकतो तोही धरून. वर गेलं की फाटक बंद."

"सातशेच?" थोरला म्हणाला.

"त्या काचेच्या छताला आणि गार खुर्च्यांना वजन असतं, साहेब. गाडी आधी स्वतःचे दागिने वाहते, मग तुमचं सामान."

धाकट्यानं बोटांवर हिशेब केला. हुकावर चारशेवीस, दादा एकशेदहा, मी पंचाण्णव, ताई साठ. "सहाशे पंच्याऐंशी! पंधरा किलो उरले, डबे खा पोटभर!"

काटेवाल्यानं पिकअप तेवढी काट्यावर घेतली, रिकामं वजन वजा केलं आणि म्हणाला, "आठशे पंधरा."

"काटा खोटा आहे!"

"काटा माझ्या सासऱ्यासारखा आहे. कुणालाच आवडत नाही, पण खोटं बोलत नाही."

ताईनं आरशातून मागे बघितलं. "बाबा राहिले मोजायचे," ती म्हणाली. "एकशेतीस."

दोघा भावांच्या माना एकदम मागच्या खुर्चीकडं वळल्या.

"मग ऐरण उतरवा," काटेवाला म्हणाला. त्याच्या लेखी ते लोखंडच.

"बापाला रस्त्यावर उतरवू?" थोरल्याचा आवाज चढला, मग फाटला. तो स्वतःच उतरला. पायरी त्याच्यासाठी अदबीनं खाली आली.

"सातशे पाच," काटेवाला म्हणाला.

धाकट्यानं बूट काढले, पट्टा काढला, फोन काढला, खिशातली किल्ल्यांची जुडी काढली.

"सातशे दोन. पँट काढू नका, इथं माणसं काम करतात."

"मी उतरते," ताई म्हणाली आणि दाराला हात घातला. "पण आत वळायला जागा नाही. ट्रेलर इथूनच मागे घेत न्यायचाय, त्या फाटकातून. बाजूला दरी आहे."

धाकट्यानं फाटक बघितलं. दरी बघितली. मग मागच्या खुर्चीवरच्या ऐरणीकडं बघितलं, जणू तीच काही बोलेल. अनवाणी खाली उतरला आणि किल्ली तिच्या हातात दिली.

"सहाशे दहा," काटेवाला म्हणाला. "जा, बाई."

ताईनं चाक डावीकडं फिरवलं, ट्रेलर उजवीकडं सरकला आणि फाटकातून असा गेला, जसा दोरा सुईतून. मागच्या खुर्चीवर बाबा. दोघे भाऊ उन्हात मैलभर खाली चालत आले. एकाच्या हातात बूट, दुसऱ्याच्या तोंडात शिव्या.

खाली पोचल्यावर थोरल्यानं घाम पुसला. "त्या पांढरीच्या दारावर किती लिहिलंय?"

"हजार पन्नास," ताई म्हणाली. "मी सकाळीच वाचलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की, दादा. 'उचलते किती' म्हणून विचारलं होतं. तू घसा साफ करत होतास."

पांढरी घेतली. चाक ताईकडंच राहिलं. फोन थोरला घेतो आणि घेताना अजून घसा साफ करतो. कामाला निघताना ताई वजनाचा कागद स्वतः भरते. तिच्या अक्षरात सगळ्यांत वरची ओळ आता अशी असते: वडील, एकशेतीस किलो.

आता माझं मागणं. वजनकाट्याजवळून कधी गेलात, तर त्या म्हाताऱ्या लोहाराची एकदा आठवण काढा. आणि काढाल तेव्हा त्यांना मोजायला विसरू नका.