अबू मुहन्नद जेवत नाही

माझ्या हॉटेलातून कुणी उपाशी उठायचं? अहो, बगदादच्या कर्राद्यात चौतीस वर्षं तशरीब विकतोय मी. रोटी कुस्करून वर मटणाचा गरम रस्सा ओतला की माणूस बोलायचं विसरतो. आणि परवा भर दुपारी, सगळी टेबलं भरलेली असताना, समोरचा कबाबवाला अबू मुहन्नद आत आला. अकरा वर्षांपूर्वी त्यानं माझा रोटीवाला फोडला होता, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तो रोटीवाला कधीच बसऱ्याला निघून गेला, भांडण मात्र इथंच ठेवून गेला.

अबू मुहन्नदबरोबर त्याचा मुलगा मुहन्नद होता आणि गल्लीतले थोरले, हाजी जब्बार. मी काय ते समजलो. माझ्या पोरीला, रफलला मागणी घालायला त्यांच्या घरच्या बायका दोनदा घरी येऊन गेल्या होत्या आणि दोन्ही वेळा मी नकार पाठवला होता.

तरी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. तीन वाडगे तशरीब, सलगमचं लोणचं, कांदा, सगळं मांडलं. तिघांनी हात मांडीवर ठेवले ते ठेवलेच.

"जेवा ना! निवेल ते," मी म्हणालो.

"तू हो म्हणेपर्यंत घास घेणार नाही," हाजी जब्बार म्हणाले.

झालं! पाहुण्यानं पुढ्यातलं तसंच ठेवायचं आणि यजमानानं लाजेकाजेस्तव मान डोलवायची, ही आमची बापजाद्यांची रीत. पण ती घरच्या बैठकीत हो!

"हाजी, हे हॉटेल आहे. तुम्ही पाहुणे नाही, गिऱ्हाईक आहात."

"मग गिऱ्हाईक उपाशी उठलेलं चालतं वाटतं तुला?"

"आधी खा, मग बोलू."

"आधी बोल, मग खाऊ," अबू मुहन्नद म्हणाला. अकरा वर्षांनी तोंड उघडलं, तेही मला उलटं बोलायला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेजारच्या टेबलावर एक टॅक्सीवाला बसला होता. त्यानं चमचा खाली ठेवला. "मग मीही नाही खाणार."

"तुझा काय संबंध रे?"

"काही नाही, चाचा. लग्नाचं जेवण मिळालं तर बघतोय."

लोक हसले. आणि मग एकेक करून चमचे खाली! बावीस माणसं हाताची घडी घालून माझ्याकडे बघत बसली. रस्श्यावर चरबी थिजायला लागली. माझा जीव तुटत होता, पण मीही इरेला पेटलेलो.

"रफल!" मी आत ओरडलो. "ये, बघ यांचा तमाशा!"

रफल भटारखान्यातून आली. हातात तिचं स्वतःचं ताट होतं, भरलेलं. ते तिनं हाजींच्या टेबलावर ठेवलं आणि मागे सरून उभी राहिली.

"बाबा, मी कालपासून जेवले नाही."

तशरीबवाल्याची पोर, कालपासून उपाशी! आणि मला पत्ताही नाही. खरं सांगतो, राग त्या रोटीवाल्याचा उरलाच नव्हता. रोज पहाटे रस्सा चाखून "बाबा, आज फक्कड जमलाय" म्हणणारी ही एकच होती मला. ती गेल्यावर मी कुणासाठी रांधायचं, एवढीच भीती होती.

"तुला हा हवाय?" मी विचारलं.

"हो."

मुहन्नद कानापर्यंत लाल झाला.

"दिली!" मी ओरडलो. "दिली माझी पोर! आता तरी जेवा रे, मेल्यांनो!"

कोपऱ्यातल्या टेबलावरच्या बायकांनी आनंदाची अशी किलकारी मारली की रस्त्यावरचे लोक दारात जमले. मी वाडगे गरम करायला मागतोय, तर एकजण सोडेल तर शपथ! सगळे थंडच हाणत होते. हाजी तर पहिल्या घासालाच नळी चोखायला लागले.

अबू मुहन्नदचे हात मात्र अजून मांडीवरच.

"अरे, आता काय राहिलं तुझं?" मी वैतागून म्हणालो.

त्यानं आपला वाडगा रफलपुढे सरकवला. "आधी आमची सून जेवू दे."

आमची सून! लबाडानं लगेच आमची म्हणायला सुरुवात केली. माझे डोळे भरून आले. खुर्ची ओढून मी त्याच्याच शेजारी बसलो आणि रफलचं पोट भरेपर्यंत आम्ही दोघंही तसेच थांबलो.