पडद्यावरची किल्ली

"सरका रं पुढची, आमाला बी दिसू द्या!" फौजेतून निवृत्त झालेले नानासो मागून ओरडले.

पलूसच्या बौद्धवस्तीत धोंडिरामच्या अंगणात भर दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध छायानाथ महाराज. त्यांच्या हातात विटेएवढा काळा कॅमेरा, मागं काचेचा छोटा पडदा आणि बाजूला फ्लॉपीची खाच. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालापर्यंत असला कॅमेरा गावानं पाहिला नव्हता.

"यंत्र जपानी, पण दृष्टी हिमालयातली!" महाराज गरजले. "हा डोळा मेलेल्यांनाही ओळखतो!"

त्यांनी नऊ जणांचे फोटो काढले. दहावा काढला भिंतीवरच्या लक्ष्मीबाईच्या तसबिरीचा. धोंडिरामची ही बायको तीन महिन्यांमागं तापानं गेली होती. मग कॅमेऱ्यावर शाल ओढून महाराज बराच वेळ मंत्र पुटपुटले. शाल काढून त्यांनी सर्वांदेखत बटण दाबलं. "सगळे पुसले जातील. जिचा जीव अडकलाय, ती तेवढी जाणार नाही."

कॅमेऱ्याच्या पोटात काहीतरी कुरकुरलं. पडदा काळा झाला आणि त्या काळोखातून लक्ष्मीबाईचा चेहरा सावकाश वर आला. एकटाच.

"आगं बया, हितंच हाय की ही!" शेजारच्या रंगुबाईनं पदर तोंडाला लावला.

दीक्षाच्या अंगावर काटा आला. सांगलीत बी.एस्सी. झालेली ही लक्ष्मीबाईची लेक. पण आई तिच्याकडंच बघत होती. तीन महिने तिचे आबा, धोंडिराम, घरात तीन ताटं वाढत होते. चुलीपाशी बांगड्या वाजतात म्हणत. एकदा पाणी भरताना दीक्षालाही त्या ऐकू आल्या होत्या. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"तसबीर कृष्णेत सोडा," महाराज म्हणाले. "नाहीतर ही पोरीला घेऊन जाईल."

आईचा तेवढाच एक फोटो होता. आबांनी तो फडक्यात गुंडाळलासुद्धा. "छप्पन साली आमच्या बानं घरातलं देव नदीत सोडलं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तवा टोपली मी धरली हुती. हिला बी सोडतो."

"आवं आबा, आज्यानं देव सोडलं ते भ्या जावं म्हणून. तुमी भिऊन सोडताय!" दीक्षा म्हणाली.

निदान पडद्यावर तरी आईला डोळे भरून बघावं म्हणून दीक्षा वाकली आणि थबकली. कोपऱ्यात किल्लीची बारीक खूण होती. कॉलेजात सरांनी असाच कॅमेरा आणला होता. प्रयोगाचे फोटो चुकून पुसू नयेत म्हणून ती स्वतः त्यांना हीच किल्ली लावायची.

"महाराज, ही किल्ली कसली?"

"परलोकाच्या दाराची!"

"मग तुम्हालाही लावून बघू."

महाराजांनी कॅमेरा छातीशी धरला.

"दे की रं," नानासोंनी तो काढून घेतला. "भितोस व्हय?"

दीक्षानं रंगुबाईचा, नानासोंचा आणि महाराजांचा फोटो काढला. महाराजांच्या फोटोला सर्वांसमोर किल्ली लावली. "शालीखाली एवढंच झालं. किल्ली लावलेला फोटो पुसला जात नाही." तिनं बटण दाबलं. कुरकुर झाली. रंगुबाई गेली, नानासो गेले. उरली आई आणि उरले महाराज.

"आवं, म्हाराज बी अडकलं!" कुणीतरी ओरडलं. "ह्येंना बी नदीत सोडा रं!"

महाराज चपला शोधू लागले.

दीक्षानं आईवरची किल्ली काढली. बोट बटणावर ठेवलं, पण दाबवेना.

"ती असावी असं लय वाटत हुतं," आबा हळूच म्हणाले. "म्हणून खरं मानलं."

"बांगड्या मला बी ऐकू आल्या, आबा," ती म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं.

पडदा काळा झाला. या वेळी त्यातून कुणी वर आलं नाही.

"माणूस गेलं की मन त्याचे आवाज ऐकतं," दीक्षा म्हणाली. "त्यात लाज नाही. पण त्या दुःखावर कुणी चमत्कार दाखवायला आला, तर शालीखाली काय केलंस ते विचारा. आमच्या हातानं करून बघू दे म्हणा. खरं असेल ते तपासल्यानं मोडत नाही."

आबांनी फडकं सोडलं. काच धोतराच्या सोग्यानं पुसली आणि तसबीर पुन्हा खिळ्याला लावली.

त्या दिवशी त्यांनी दोनच ताटं वाढली.