झोप न येणारी गाडी

वन्सं आमच्याकडे राहायला आल्या आणि गाडीने मान टाकली. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या, म्हणून मी त्या एकाच गाठोड्यात बांधल्या.

गाडी विजेवर चालणारी, चौदा वर्षांची. पोटातली मोठी बॅटरी अजून ठणठणीत. पण तिला जागं करायला पुढे बॉनेटखाली एक छोटी बॅटरी असते, ती रात्रीतून रिकामी व्हायची. पहाटे बटण दाबावं तर पडदा काळाठिक्कर आणि आतून उंदराने कुरतडल्यासारखी कटकट. असं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा ह्यांचं डायलिसिस चुकलं. पहाटे साडेपाचला आमच्या वळणापर्यंत भाड्याची गाडी कोणी आणत नाही.

हॉस्पिटलातल्या सिस्टरचा फोन आला. "मावशी, पहाटेच्या खाटेला रांग आहे. गुरुवारी आला नाहीत तर ती दुसऱ्याला द्यावी लागेल. आणि काकांची सूज कशी आहे?"

ह्यांच्या पायावर मी बोट दाबलं. खळगा पडला, तो भरून यायला किती वेळ लागला ते तिला सांगितलं नाही.

आज बुधवार होता.

वर्कशॉपवाला म्हणाला होता, "हिचे पार्ट येत नाहीत आता. भंगारात द्या." मला सांगतो! मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बावीस वर्षं तांब्याची तार गुंडाळली मी. कुठली मोटार कशाने जळली ते वासावरून ओळखते. नारिंगी वायरींना हात लावायचा नाही, त्या जीव घेतात. एवढं पाळलं की बाकीची गाडी कुठल्याही गाडीसारखीच. छोट्या बॅटरीची वायर रात्री काढून ठेवूनही पाहिली होती. सकाळी जोडली तर बाईसाहेबांनी सतरा दिवे पेटवले आणि जागची हलायला नकार दिला.

माझा संशय मात्र वायरींवर नव्हताच.

वन्सं आल्या त्याच आठवड्यात एकदा तिन्हीसांजेला मी शेडमध्ये गेले, तर गाडीत दिवा. आत वन्सं, दार लावून, कानाला फोन, तोंडावर हात. मला बघताच फोन खाली.

"काही नाही हो वहिनी, जरा निवांत बसले होते."

माझ्या घरात निवांत बसायला जागा नव्हती का? त्या संध्याकाळी मी गाडीची किल्ली स्वयंपाकघरातून हलवली. किल्ली म्हणजे साबणाच्या वडीएवढा प्लास्टिकचा तुकडा. तो जवळ आला की गाडी ओळखते आणि दार सोडते. दिवसा तो माझ्या कमरेच्या पिशवीत, रात्री शिवणयंत्राच्या खणात, रिळांच्या खाली. शिवणाची खोली शेडला चिकटून. मध्ये नुसती फळ्यांची भिंत. माझी खाटही तिथेच टाकली, पलीकडे खुट्ट झालं तर ऐकू यावं म्हणून. तरी त्यानंतरच बॅटरी पहिल्यांदा उतरली. तेव्हा मी मनाशी म्हटलं, वन्संनी दुसरी किल्ली करून घेतली असणार. संशयाला काय, पाणी न घालताही तो वाढतो.

बुधवारी सकाळी छोटी बॅटरी चार्ज केली आणि तिच्या वाटेत मीटर जोडला. गाडी उभी असताना किती वीज पिते ते त्यावर दिसतं. बॉनेटच्या कडीत पेचकस घालून ते बंद असल्याचं गाडीला भासवलं. आता अर्ध्या तासात ती झोपायला हवी आणि आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा. आकडा दोन अँपिअरच्या वर. अर्धा तास झाला, तासही झाला, तो हलेना. एकेक फ्यूज काढून पाहिला. मी मीटरपाशी बसून, आणि वन्सं दारात बसून माझ्याकडे बघत.

"वहिनी, चोर सापडला का?"

"सापडेल," मी म्हटलं. "घरातच आहे."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, लागलं.

एवढ्यात ह्यांची हाक आली. सूज उतरायची गोळी संपली होती. दुकान चौकापलीकडे. वन्संना पाठवावं तर त्यांना रस्ते ठाऊक नाहीत. त्यांना मीटरपाशी सोडून जायचं माझ्या जिवावर आलं, पण इलाज नव्हता.

"दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. हात मात्र कशालाही लावायचा नाही."

"नाही लावत. हवं तर हात बांधून जा."

परत आले तेव्हा वन्सं पाटावर बसून पाय हलवत होत्या आणि गुणगुणत होत्या:

"वहिनी गेली दुकानी, गाडीला लागला डोळा;
वहिनी आली अंगणी, आकडा झाला गं खुळा!"

"हे काय?"

"मग काय करू? तासभर बसवलंत. बघा ना, तुम्ही गेलात आणि वीस मिनिटांत हा शून्याला टेकला. आत्ता तुमची चप्पल वाजली आणि उठून बसला."

मीटरवर दोनाच्या वर. कागदावर वन्संच्या वळणदार अक्षरात एकाखाली एक शून्य, पुढे टिंब, पुढे बारीकसा आकडा.

"काहीतरी हलवलंत तुम्ही."

"दादाची शप्पथ. पुन्हा जाऊन बघा की."

मी गेले. चौकापर्यंत गेले, दुकानाच्या पायरीवर बसले, दुकानदाराने "काय विसरलं?" म्हणून विचारलं त्याला काहीही उत्तर दिलं. आणि बसल्या बसल्या हात सवयीने कमरेच्या पिशवीवर गेला. किल्ली. हिचीही बटणाएवढी बॅटरी याच दिवसांत संपली होती. मी स्वतःशी म्हटलं होतं, हल्ली मालच वाईट येतो.

बाई गं. त्या दोघी रात्रभर फळ्यांच्या भिंतीआडून एकमेकींना हाका मारत होत्या. किल्ली म्हणायची, मी इथे आहे; गाडी म्हणायची, मग मीही जागी आहे. आणि त्यांच्यामध्ये मी, कान टवकारून पडलेली. ती जागली ती माझ्यापायी.

किल्ली दुकानदाराकडे ठेवली आणि निघाले. रस्त्यात मी खोटं जुळवत होते: फ्यूज सैल होता, वायर गंजली होती. घरी आले, तेव्हा मीटर शून्यावर झोपलेला होता, मी अगदी जवळ गेले तरी.

वन्संनी मीटर पाहिला, मग मला. "किल्ली कुठे आहे वहिनी?"

"दुकानात ठेवून आले."

"आणि रोज रात्री?"

"शिवणयंत्राच्या खणात."

त्या उठल्या, फळ्यांच्या भिंतीपाशी गेल्या, बोटाने एक फळी ठोकली. पलीकडे खण होता. त्यांना सगळं कळलं. मला तोंड उघडावं लागलं नाही.

"माझ्यापासून लपवलीत?"

"हो."

"दादाच्या गाडीला मी काय करणार होते?"

"तुम्ही आत बसून कोणाशी बोलत होतात ते कळलं नाही मला."

"सुनेशी," त्या म्हणाल्या. "ती म्हणत होती, आता परत या. मी तिला सांगत होते, दादाला असं टाकून येववत नाही, महिनाभर राहू दे. तो ऐकेल म्हणून गाडीत बसले. तुम्ही ऐकाल म्हणून फोन ठेवला. वाटलं, तुम्हाला मी जड झालेय."

मी मीटरच्या वायरी सोडवू लागले. एक चिमटा त्यांनी धरला. "हा काळा ना? सांगा, कुठे लावू?" आवाज कोरडा होता. संध्याकाळी मी किल्ली परत आणली आणि रात्री ती पुन्हा स्वयंपाकघरात ठेवली.

गुरुवारी पहाटे बटण दाबलं आणि पडदा उजळला. पुढे मी, मागे ह्यांचे पाय मांडीवर घेऊन वन्सं. वळण मागे पडलं तसे ह्यांनी डोळे उघडले.

"झाली म्हणायची दुरुस्त. काय बिघडलं होतं गं?"

मी तोंड उघडायच्या आत मागून वन्सं म्हणाल्या, "वायर सैल होती रे दादा. वहिनींनी घट्ट केली."

आरशात पाहिलं तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. माझ्यासाठी खोटं बोलूनही त्या माझ्यावर रागावल्याच होत्या. हॉस्पिटलला अजून पाऊण तास होता.

"वायर नव्हती हो," मी म्हटलं. "ऐका, सगळं सांगते. आणि वन्सं, कुठे चुकले तर तुम्ही सांगा."